दारी आलेली ठेव

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ असते. आडते बाजाराच्या रस्त्यावर फटाक्यांच्या लाल कागदांचा सडा पडलेला, हवेत अजून दारूचा उग्र दर्प. स्थानकातून निर्वाण कल्याणकाचा जाप आटोपून परतलेले वयोवृद्ध शेठ पेढीचे कुलूप उघडावयास येतात आणि ओट्याखाली, रिकाम्या बारदानाच्या ढिगामागे, त्यांना काहीतरी हलताना दिसते. वाकून पाहिले तर तपकिरी रंगाची एक लॅब्राडॉर कुत्री अंग चोरून बसलेली. गळ्यात लाल पट्टा, पट्ट्याला लोंबणाऱ्या तुटक्या साखळीच्या तीन-चार कड्या. अंगाला कापरे भरलेले आणि डोळे रस्त्यावरच्या प्रत्येक आवाजाकडे लागलेले.

हमाल म्हणतो, "शेठ, हाकलून देतो. पिसाळलेली असली म्हणजे?" मुनीमजींचे मत पडते की पांजरपोळात फोन करावा, सणाच्या दिवशी तेवढीच जीवदया घडेल. शाळेला सुटी म्हणून सोबत आलेला नातू एव्हाना तिच्यासमोर उकिडवा बसलेला असतो. "दादाजी, आपणच ठेवूया ना हिला. मी सांभाळतो." शेठ थोडा वेळ काहीच बोलत नाहीत. मग एवढेच म्हणतात, "पट्टा कुणीतरी बांधलाय ना तिच्या गळ्यात?"

हे चित्र कोणा एका पेढीचे नाही. शासनदरबारी आता अहिल्यानगर झालेल्या आणि बोलण्यात नगरच राहिलेल्या या शहरात ते दिवाळीत कोठे ना कोठे दिसते. फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेले पाळलेले जनावर साखळी तोडते, गच्चीवरून उडी टाकते, उघड्या फाटकातून सुसाट पळते आणि पहाटे थकून एखाद्या अनोळखी ओट्याचा आश्रय घेते. त्याला पाहून मनुष्याच्या तोंडून जे पहिले उत्तर निघते, ते बहुधा या तिघांपैकी एकाचे असते. एक उत्तर भीतीचे, दुसरे घाईच्या दयेचे, तिसरे मायेच्या लोभाचे. तिन्ही उत्तरांत गळ्यातला पट्टा तेवढा विसरला जातो. या घटकेला कोठेतरी कुणी त्या जनावराचे नाव घेऊन गल्ल्या धुंडाळीत आहे, याची आठवण तो पट्टा देत असतो.

व्यापारी घराण्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. गिऱ्हाईक पैशांची पिशवी पेढीवर विसरून गेले तर जुन्या पेढीवर काय होते? पिशवी उचलून आत ठेवली जाते, वहीत टिपण होते, आणि मागावयास येणाऱ्यास आधी विचारले जाते की पिशवी कोणत्या रंगाची, आत किती होते. पिशवी गल्ल्यात जमा होत नाही आणि दानपेटीतही टाकली जात नाही, कारण दुसऱ्याच्या पैशाने दान करता येत नाही. पाच अणुव्रतांतील अचौर्याचा अर्थ शास्त्रकारांनी केवळ चोरी न करणे एवढाच सांगितलेला नाही. दुसऱ्याची पडलेली, विसरलेली, ठेवून राहिलेली वस्तू त्याने दिल्यावाचून आपली मानू नये, येथपर्यंत त्या व्रताची हद्द जाते. सापडलेले जनावर पांजरपोळात धाडून पुण्य जोडणारा आणि प्रेमापोटी घरी ठेवून घेणारा, दोघेही नकळत त्या हद्दीवर उभे असतात.

देशाचा कायदाही याच वळणाने जातो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७१ वे कलम सांगते की दुसऱ्याची हरवलेली वस्तू ज्याने ताब्यात घेतली, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच असते. पाळीव जनावर कायद्याच्या नजरेत जंगम मालमत्ता आहे. जीवाला मालमत्ता म्हणणे जैन कानाला खटकते, आणि खटकावे. परंतु ज्या घरातले मूल त्या जनावरासाठी रात्रभर रडले, त्या घराच्या बाजूने उभे राहणारे कलम हेच आहे. त्याच कायद्याचे १६८ वे कलम आणखी बारीक व्यवहार सांगते. सापडलेली वस्तू सांभाळण्यास स्वखुशीने केलेल्या खर्चासाठी दावा लावता येत नाही, मात्र तो खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. आणि मालकाने ठराविक बक्षीस जाहीर केले असेल तर त्यासाठी दावाही लावता येतो. दोन दिवसांच्या दूध-पोळीपायी कुणाचे कुत्रे अडवून धरणारा श्रावक विरळाच निघेल. तरीही पशुवैद्याचे मोठे बिल भरले असेल तर त्याची पावती जपून ठेवण्यात संकोच नसावा.

ठेव म्हणून स्वीकारलेल्या जीवाचा पहिला तास सर्वांत नाजूक असतो. घाबरलेल्या जनावराच्या मागे धावू नये. पाठलाग झाला की ते थेट रहदारीत शिरते. रस्त्याच्या बाजूला हातगाडी किंवा दोन गोण्या आडव्या लावाव्यात, बघ्यांना दूर करावे, आणि एकाच माणसाने, शक्यतो बसून, अंग किंचित वळवून, डोळ्यांत डोळे न घालता थांबावे. पाण्याचे पातेले जवळ सरकवून मागे व्हावे. बहुतेक कुत्री पाणी पिऊन झाल्यावर स्वतःच वास घेत पुढे येतात. मग पट्ट्यात मऊ सुती दोर ओवून सावलीच्या जागी बांधावे. प्रतिक्रमणात अहिंसा व्रताचे जे पाच अतिचार म्हटले जातात, त्यांत बंध पहिला आणि अन्नपाण्याचा विच्छेद शेवटचा आहे. आखूड दोराने, उन्हात, पाण्यावाचून बांधलेले जनावर एकाच वेळी दोन्ही अतिचारांचे निमित्त होते. घरात चौविहार असला तरी रात्री सापडलेल्या जीवाला पाणी पाजण्यास कुणी कचरू नये. व्रत माणसाने घेतलेले असते.

चावा बसला, दात नुसता लागला किंवा ओरखड्यावर लाळ पडली, तरी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. हळद, तिखट, चुना यांतले काहीही जखमेत भरू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की औषध जवळजवळ उरतच नाही, म्हणून "पाळलेलेच दिसते, लस दिलेली असेल" या अंदाजावर कुणी लस टाळू नये. चावलेले कुत्रे हाकलूनही देऊ नये. ते दहा दिवस नजरेखाली राहणे डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाचे असते.

जैन स्वयंपाकघरात एक गोष्ट आपोआप सोयीची ठरते. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत, आणि कित्येक घरांत ते नसतातच. धोका वेगळ्या बाजूने येतो. दिवाळीच्या ताटातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालू शकतो, चॉकलेट हृदयावर. मायेने पुढे केलेला बेदाण्याचा शिरा किंवा सुक्या मेव्याचा डबा म्हणून दूरच ठेवावा. साधा भात, थोडे दही, पाण्यात भिजवलेली पोळी, तेही थोडे थोडे, एवढे पहिल्या दिवसाला पुरे. दुधाने अनेक मोठ्या जनावरांचे पोट बिघडते. मांजराला दूधच लागते ही समजूत गोष्टींच्या पुस्तकातली आहे.

मांजराचा विषय निघाला म्हणून एक अवघड गोष्ट येथेच स्पष्ट केलेली बरी. मांजर शाकाहारावर जगू शकत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसाहारातून मिळतो आणि तो दीर्घकाळ न मिळाल्यास त्याची दृष्टी आणि हृदय दोन्ही खराब होतात. दोन-चार दिवस दही-भातावर निभावेल, पण ज्या घराच्या उंबऱ्याआत तसले अन्न येऊच शकत नाही, त्या घराने सापडलेले मांजर दीर्घकाळ ठेवून घेणे ही दया होत नाही. त्याचा मालक शोधण्याची निकड अशा घराला इतरांहून अधिक असते. मालक सापडेना तर शेजारच्या, मांजर पाळणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घराशी बोलावे. यात कमीपणा कसला?

आता शोध. आधी जनावरच वाचावे. पट्ट्याच्या आतल्या बाजूस कित्येकदा फोन नंबर लिहिलेला असतो आणि तो कुणी उलटून पाहत नाही. काही शहरांत पालिकेच्या परवान्याचा बिल्ला असतो. खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप असू शकते. ती डोळ्यांना दिसत नाही, मात्र ज्या पशुवैद्याकडे वाचण्याचे यंत्र आहे तो तिचा पंधरा आकडी क्रमांक काढून देतो. कानाच्या टोकाला कापलेली खूण दिसली तर ती जखम नव्हे. ते त्या गल्लीचे, नसबंदी आणि लस झालेले कुत्रे आहे, हरवलेले नाही. त्याला त्याच्या गल्लीत राहू द्यावे. पट्टा नाही म्हणजे मालक नाही, हाही निष्कर्ष घाईचा. घासून गुळगुळीत झालेले गळ्याभोवतीचे केस, कापलेली नखे, "बस" म्हटल्यावर बसणे, या गोष्टी पट्ट्याइतक्याच बोलक्या असतात.

गाय, बैल, शेळी असेल तर काम सोपे आहे. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यावरून मालकाचा शोध लागू शकतो. दिवाळीच्या पुढेमागे पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन कारखान्यांकडे निघतात. त्या वाटेवर रात्रीतून सुटलेला बैल म्हणजे एका कुटुंबाच्या हंगामाची कमाई. तो सणाचे गोदान म्हणून गोशाळेत पोचला आणि टोळी पुढल्या मुक्कामाला निघून गेली, तर त्या पुण्याचा हिशोब कोणत्या खात्यावर मांडावा? जखमी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते.

गुरांच्या बाबतीत इंग्रजी अमदानीतला १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. कोंडवाड्यात आणलेल्या जनावराला सात दिवसांत कुणी मागितले नाही, तर पोलीस ठाण्याच्या फळ्यावर त्याचे वर्णन आणि ते धरल्याची जागा लिहून लावायची, आणि ज्या जागी धरले त्याच्या जवळच्या गावात व बाजाराच्या ठिकाणी दवंडी पिटवायची. त्यानंतर आणखी सात दिवस वाट पाहायची आणि मगच लिलाव. कायदा कोरडा, पण शोधाची रीत त्याने नेमकी पकडली आहे. हरवलेल्याचा पुकारा सापडल्या जागेभोवती व्हायला हवा.

आजची दवंडी व्हॉट्सॲपवर पिटली जाते आणि ती पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपर्यंत तासाभरात पोचते. कुत्रे मात्र बहुधा चार गल्ल्यांपलीकडचे असते. म्हणून संदेश पाठवून झाल्यावर पायी हिंडणे उरतेच. पहाटेचा दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, घंटागाडीवरचे कर्मचारी, भाजीची गाडी फिरवणाऱ्या मावशी, रात्रीचा गुरखा, या मंडळींना कोणत्या फाटकामागे कोणते कुत्रे भुंकते हे नगरसेवकाहून अधिक ठाऊक असते. जनावरांची औषधे विकणारे दुकान, परिसरातले पशुवैद्य, स्थानकाचा आणि मंदिराचा फळा, सोसायटीची लिफ्ट येथे छापील कागद लावावा. जवळच्या पोलीस ठाण्यात तोंडी का होईना, वर्दी द्यावी, कारण मालक रडत रडत पहिल्यांदा तेथे जाण्याची शक्यता असते. पुढे कुणी चोरीचा आळ घेतला तर तीच वर्दी पेढीची साक्ष ठरते.

कागदावर सर्व काही लिहू नये. पिशवीतल्या नोटांचा आकडा जसा पेढीवाला स्वतःजवळ ठेवतो, तशी जनावराची एखादी खूण राखून ठेवावी. नर की मादी, एखाद्या पंज्यावरचा डाग, शेपटीची गाठ, पट्ट्याचा रंग, यांपैकी काहीतरी विचारण्यासाठी शिल्लक असावे. किमती जातीचे कुत्रे सापडल्याची बातमी पसरली की दोन प्रकारचे फोन येतात, आणि दोन्हींत आवाज सारखाच गहिवरलेला असू शकतो. लसीची पुस्तिका, जुने फोटो, आणि शेवटी नाव घेऊन मारलेली हाक, यांवर खरा मालक ओळखावा. हाकेला जनावर जे उत्तर देते ते खोटे नसते.

नगरच्या व्यापारी वस्त्यांत एक चुकीची प्रथाही आहे आणि तिच्याविषयी मौन बाळगणे बरे नाही. नको असलेले किंवा अनोळखी कुत्रे रात्री टेम्पोत घालून दूर, एखाद्या घाटात किंवा ढाब्यापाशी सोडून यायचे. "मारले तर नाही ना, मोकळे सोडले," असे वर समाधान. उपाशी-तहानलेले राहण्याच्या स्थितीत मालकाने जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. नसबंदीसाठी उचललेली भटकी कुत्रीदेखील होती त्याच जागी परत सोडावीत, असे २०२३ चे नियम सांगतात. शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांपुरता सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निराळा आदेश दिला आहे. पण कायद्याहून मोठा दाखला याच जिल्ह्याने दिलेला आहे.

२००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढले. बिबट्यांच्या अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटाच्या जंगलात सोडण्यात आले. त्याच्या वयाकडे पाहून नाव पडले आजोबा. सोडल्या जंगलात आजोबा रमले नाहीत. महामार्ग, रेल्वेमार्ग आणि वसईची खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून, महिनाभराच्या आत, ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाऊन पोचले. आपली जुनी जागा शोधीत ते गेले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाटेत त्यांनी कोणाही माणसाला इजा केली नाही. २०११ मध्ये मुंबईजवळ एका वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला; २०१४ मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपटही निघाला. त्याआधी जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडण्याचा मार्ग अवलंबिला गेला होता, आणि जेथे ते सोडले तेथे माणसांवरचे हल्ले वाढल्याचे याच अभ्यासकांनी पुढे मांडले. जंगलाचा राजा जर सोडल्या जागी राहत नाही, तर दाळमंडईचे कुत्रे ढाब्यापाशी सुखाने नांदेल ही कल्पना कोठून आली?

जुन्नर, संगमनेर, अकोले, राहुरीच्या ऊसपट्ट्यातला दुसरा अनुभव याहून हृदयाला भिडणारा आहे. तोडणी चालू असताना सरीत बिबट्याची डोळे नुकती उघडलेली पिल्ले सापडतात. पूर्वी ती अनाथ समजून उचलून नेली जात. आता वनखाते आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातील पशुवैद्य त्यांची तपासणी करून संध्याकाळी ती खोक्यात घालून नेमक्या सापडल्या जागी ठेवतात आणि माणसे दूर सरतात. अंधारात आई येते, पिल्लू तोंडात धरते आणि निघून जाते. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लाला टाकीत नाही. कित्येक पिल्लांना अशी आई परत मिळाली आहे.

मार्केट यार्डातल्या गोदामांना हे ज्ञान लगेच उपयोगी पडेल. पोत्यांमागे सापडलेली मांजराची पिल्ले बहुधा अनाथ नसतात. आई एकेक करून त्यांची जागा बदलत असते, किंवा उंदराच्या मागे गेलेली असते. पिल्ले कोरडी, उबदार आणि शांत असतील तर दूर उभे राहून काही तास वाट पाहावी. ती थंडगार पडली असतील, सारखी ओरडत असतील, तरच हात घालावा.

पोपटाचा नियम वेगळा. खिडकीत येऊन बसलेला, माणसाळलेला देशी पोपट सापडला तर त्याचा मालक शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळताच येत नाही. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पर्युषणात पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की त्या खरेदीनेच पारध्याला उद्याची मागणी मिळते.

मुनीमजींच्या पांजरपोळाकडे आता वळता येईल. मुंबईच्या पांजरपोळीचा इतिहास कुत्र्यांपासूनच सुरू होतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईत कंपनी सरकारने बेवारस कुत्री ठराविक महिन्यांत मारण्याचा नियम केला होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ मध्ये ती मुदत वाढवली गेली. आठ आण्यांच्या लोभाने मारेकरी घरांच्या आवारांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. जून महिन्यात पारशी समाज रस्त्यावर उतरला, जैन आणि हिंदू व्यापारी त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली, किल्ल्यातल्या फौजेचा रोजचा पुरवठा तुटला. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी शेठ मोतीशा अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. बेवारस कोण आणि कुणाचा कोण, हा भेद आठ आण्यांनी पुसला होता. त्यातून जे खरोखरच बेवारस होते त्यांच्यासाठी ही जागा झाली. दुष्काळात चारा छावण्या पाहिलेल्या या जिल्ह्यात दावणीची एकेक जागा किती मोलाची, हे निराळे सांगावयास नको. घरधनी असलेल्या जनावराने तेथे जागा अडवली की भाकड गाय, आंधळा बैल, अपघातात पाय गेलेले वासरू यांच्यातला एक बाहेर राहतो. पांजरपोळ शेवटचे दार आहे. आधीची दारे ठोठावून झाल्यावाचून तेथे जाऊ नये.

सर्व दारे ठोठावून झाली आणि कुणीच आले नाही, तर? पंधरवडा, महिना असा रास्त काळ वाट पाहून घराने एकत्र बसून ठरवावे. नातवाच्या हट्टाला तेव्हा कान द्यावा. पुढली दहा-बारा वर्षे पहाटे कोण फिरवून आणील, चातुर्मासात सर्व मंडळी दर्शनाला बाहेरगावी गेली की मागे कोण राहील, लसीचा खर्च कोणत्या खात्यातून, हे प्रश्न त्याच्यासमोरच विचारावेत. मुले अशा प्रश्नांची उत्तरे मोठ्यांपेक्षा प्रामाणिकपणे देतात.

आडते बाजारातल्या त्या ओट्यावर दुपारपर्यंत दोन फोन आलेले असतात. पहिला गृहस्थ फार कळवळून बोलतो, पण "आमचा टायगर" म्हणतो आणि कुत्री तर मादी. दुसरा फोन एका बाईंचा. शेठ विचारतात, अंगावर खूण काय? "मागच्या डाव्या पायाचं एक बोट पांढरं आहे, काका. मिळाली का हो आमची राणी?" सावेडीहून स्कूटर येते. गल्लीच्या तोंडाशी तिचा हॉर्न वाजतो मात्र, बारदानामागची कुत्री दोराला हिसका देऊन उभी राहते. बाईंच्या हातात लसीची पुस्तिका असते, ती उघडावीच लागत नाही. मागे बसलेली मुलगी रस्त्यावरच गुडघे टेकते.

पतीने पुढे केलेले पाकीट शेठ परत सारतात आणि मुनीमजींकडून काळा मार्कर मागून घेतात. "आधी पट्ट्यावर नंबर लिहा. आणि पुढच्या दिवाळीला संध्याकाळपासून आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावून." नातू दोर सोडतो. सोडताना त्याला गाठ सापडत नाही, किंवा सापडत नाहीसे तो दाखवतो. शेठ घाई करीत नाहीत. सकाळी नव्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी स्वतः लिहिलेली एक ओळ असते: तपकिरी कुत्री एक, लाल पट्टा. तिच्यासमोर ते वेळ घालतात आणि लिहितात, परत.